पीएच बरोबर होता, तरी झिंगे मेले: वऱ्हाडातलं पाणी काचेच्या टाकीत असं का वागतं?

समजा, मे महिना आहे. अकोल्यात नळाला पाणी येऊन चार दिवस झालेत. हॉलमधल्या छोट्या टाकीत वीस-पंचवीस लाल चेरी झिंगे आहेत आणि पाणी बदलायचा रविवार उलटून गेलाय. नळाचं पाणी नाही, म्हणून या वेळी बोअरचं घालायचं ठरतं. घालण्याआधी पीएच तपासला जातो. टाकीतला ७.६, बोअरचा ७.५. म्हणजे सगळं ओके. बादलीभर पाणी बदललं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार झिंगे आडवे पडलेले असतात. आठवडा संपेपर्यंत अर्धी टाकी रिकामी.

मग दुकानदाराला दोष दिला जातो, खाद्याला दिला जातो, उन्हाला दिला जातो. पीएचवर कुणी संशय घेत नाही, कारण तो तर मोजलेला असतो. गडबड नेमकी इथेच आहे. पीएच मोजून पाण्याची फक्त आत्ताची अवस्था कळते. उद्या ते कसं वागणार, हे त्या आकड्यात नसतं. आणि अकोला-अमरावतीत तर एकाच घरात तीन वेगवेगळ्या स्वभावाची पाणी येतात: नळाचं, बोअरचं आणि कॅनचं.

आधी पीएच म्हणजे काय ते बघू

पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सांगणारी ही मोजपट्टी. सोरेन सोरेनसन या डॅनिश शास्त्रज्ञाने ती १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. या पट्टीची एक खोड लक्षात ठेवायला हवी. तिच्यावरचं एक पाऊल म्हणजे दहापट फरक. ७ वरून ८ वर गेलं की पाण्यातल्या आम्लपणाचा दहावा हिस्साच उरतो. त्यामुळे 'एकानेच तर वाढलाय' हे वाक्य पीएचच्या बाबतीत चालत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच ६.५ ते ८.५ चालतो. माणसाला एवढी मोकळीक परवडते. दोन-तीन सेंटिमीटरच्या झिंग्याला परवडत नाही. टाकीतल्या पाण्यातलाच प्राणवायू तो घेतो, त्यातलंच कॅल्शियम कवचासाठी वापरतो आणि अंगातले क्षार त्याच पाण्याशी जुळवून ठेवतो. पाणी बदललं की त्याचं सगळंच बदलतं.

चेरी झिंगे मूळचे तैवान-चीनकडचे. जंगली रूपात मातकट दिसतात, लाल-पिवळे-निळे रंग निवडून निवडून वाढवलेले. शौकीन हेच आधी घेतात, कारण ते दणकट आहेत. पीएच ६.५ ते ८ च्या दरम्यान कुठेही ते जगतात, पिल्लंही देतात. अट एवढीच की आकडा एका जागी राहायला हवा. ७.८ वर महिनोन्‌महिने सुखात असलेला झिंगा रोज ६.८ ते ७.८ असा झोका खाल्ला की खचतो, आणि कागदावर दोन्ही आकडे 'सुरक्षित'च असतात.

कणगी आणि ताट

पीएच एका जागी कोण ठेवतं? पाण्यात विरघळलेली कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. त्यांचं माप म्हणजे केएच, म्हणजेच कार्बोनेट कठीणपणा. पाणी तपासणीच्या अहवालात तो 'अल्कलिनिटी' या नावाने, मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. साधारण १८ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे एक डिग्री केएच.

केएच म्हणजे घरातली ज्वारीची कणगी समजा. पीएच म्हणजे ताटातली भाकरी. कणगीत ज्वारी आहे तोवर ताट रोज सारखंच दिसतं. कणगी अर्धी झाली, पाव झाली, तरी ताटाकडे बघून काही कळत नाही. तळ लागला की एका दिवसात ताट रिकामं. टाकीतही असंच होतं. तीन महिने पीएच ७.४ दाखवतो आणि मग अचानक एका आठवड्यात ६ वर येतो. लोक म्हणतात, 'पीएच अचानक पडला.' तो अचानक पडलेला नसतो. कणगी तीन महिने रिकामी होत होती.

ती कोण खातं? टाकीतलेच जिवाणू. झिंग्यांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि या कामात आम्ल तयार होतं. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्ची पडते. म्हणजे टाकी जेवढी निरोगी चालते, तेवढी कणगी रोज थोडी थोडी उपसली जाते.

कणगी तुडुंब भरलेली असली म्हणजे सगळं चांगलं, असंही नाही. वऱ्हाडातलंच लोणार बघा. तिथल्या सरोवराचा पीएच १० च्या आसपास, पाण्यात कार्बोनेट एवढं की त्याला हलवणं मुश्कील. पीएच स्थिर आहे, पण त्या पाण्यात मासे जगत नाहीत. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेही खारट पाण्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. स्थिर हवं हे खरं, पण कुठे स्थिर आहे तेही बघावं लागतं.

तीन पाणी, तीन स्वभाव

पहिलं नळाचं. अकोल्याला ते महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, अमरावतीला मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. धरणात साठलेलं पावसाचं पाणी, त्यामुळे क्षार बेताचे आणि केएच मध्यम. चेरी झिंग्यांसाठी तिघांत हेच सगळ्यात सरळ. याची अडचण दोनच: त्यात क्लोरीन असतं आणि ते रोज येत नाही. क्लोरीनचा बंदोबस्त सोपा आहे. उघड्या ड्रममध्ये एअर पंप लावून चोवीस तास ठेवायचं किंवा मत्स्यदुकानातलं अँटीक्लोर घालायचं. न येण्याचा बंदोबस्त कुणाच्याच हातात नाही, म्हणून ड्रम भरून ठेवणं हाच उपाय.

दुसरं बोअरचं, आणि इथे गोष्ट वेगळी होते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतली गावं त्यात येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी खचलेल्या खोऱ्यात नदीने गाळ भरत नेला. त्या चिकण गाळातून पाणी नीट निचरत नाही, त्यामुळे क्षार तिथेच साठत राहतात. म्हणूनच तिथल्या गावांना पिण्यासाठी वान, शहानूर, काटेपूर्णा अशा धरणांचं पाणी पाइपलाइनने आणावं लागलं. ज्या पाण्यापायी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी दूरवरून घागरी आणल्या, त्या पाण्यात झिंगा जगेल का, हा प्रश्न तसा चैनीचाच. पण रसायन तेच आहे.

या पाण्याची मेख अशी की त्यात क्षार भरपूर असले, तरी त्यात सोडियमचा वाटा मोठा असतो. झिंग्याला कवचासाठी कॅल्शियम हवं. टीडीएस मीटरला सोडियम आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही, तो सगळ्यांची बेरीज दाखवतो. फरक कळायला जीएच आणि केएच, दोन्ही तपासावे लागतात. जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा हिशोब. साध्या कठीण पाण्यात जीएच केएचइतका किंवा जास्त असतो. केएच जीएचच्या वर निघाला, तर समजायचं की बायकार्बोनेट सोडियमच्या जोडीने आलंय. म्हणजे पीएच चढा आणि हटवादी, आणि कवचाला लागणारं मात्र कमी. अमरावती किंवा अकोल्यातलं प्रत्येक बोअर असं नसतं. पट्ट्याबाहेर, काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बऱ्यापैकी चालून जातं. शेजारच्याचं चाललं म्हणून आपलं चालेल, असं मात्र नाही.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. बोअरचा पीएच ७.५ आला, कारण पाणी नुकतंच जमिनीतून वर आलं होतं. जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो आणि तो पीएच खाली धरून ठेवतो. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसा बादलीत आणि टाकीत तो वायू निघून जातो आणि पीएच ८.३-८.४ वर चढतो. वर टीडीएसची उडी वेगळीच. ३०० च्या पाण्यात राहणाऱ्या झिंग्याच्या अंगावर १,४०० चं पाणी आलं, तर पीएच जुळूनही उपयोग नाही.

म्हणून बोअरचं पाणी कधीही ताजं मोजू नये. पेलाभर पाणी चोवीस तास उघडं ठेवून, शक्य तर एअर पंप लावून मग मोजायचं. खरा आकडा तो.

पीएच वर चढण्याचा आणखी एक जाच आहे. टाकीतला अमोनिया दोन रूपांत असतो, एक जवळपास निरुपद्रवी आणि एक विषारी. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल, तर शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. ८ ला तो पाचच्या आसपास जातो आणि ८.५ ला पंधराच्या. पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणजे खाद्य तेवढंच, घाण तेवढीच, पण खाऱ्या बोअरच्या टाकीत तीच घाण कितीतरी पट जड पडते. उन्हाळ्यात तर विचारूच नका.

तिसरं कॅनचं किंवा घरच्या आरओचं. हे 'शुद्ध' म्हणून लोक डोळे मिटून वापरतात. त्यातले क्षार जवळपास काढून टाकलेले असतात, म्हणजे कणगीच रिकामी. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पीएच चढतो. रात्री उलटं होतं, पीएच उतरतो. केएच चांगला असेल तर हा झोका जाणवत नाही. आरओच्या पाण्यात तो रोज लागतो आणि एकूण घसरण खालीच जाते. पीएच ६ च्या आसपास आला की अमोनिया पचवणारे जिवाणूही सुस्तावतात. अमोनिया साठत राहतो, पण आम्लपणामुळे निरुपद्रवी रूपात. टाकी शांत दिसते. मग कुणीतरी हौसेने अर्धं पाणी काढून नळाचं घालतं, पीएच एकदम साडेसातच्या वर जातो आणि साठलेल्या अमोनियातला मोठा वाटा तासाभरात विषारी होतो. दोष जातो नळाच्या पाण्याला.

पाडायचा की चढवायचा?

पीएच ८.३ दिसला की पहिला विचार येतो लिंबाचा, व्हिनेगरचा किंवा दुकानातल्या 'पीएच डाउन'च्या बाटलीचा. केएच जास्त असलेल्या पाण्यात हे घातलं की पीएच उतरतो, फोटो काढण्यापुरता. आम्ल बायकार्बोनेटशी भिडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो उडून जातो आणि दुसऱ्या दिवशी पीएच जवळपास मूळ जागी. पुन्हा थेंब, पुन्हा उतार. या चढउतारात जेवढे झिंगे जातात, तेवढे ८.३ वर निवांत ठेवले असते तरी गेले नसते.

केएच खाली आणायचा खात्रीचा मार्ग एकच, क्षार नसलेलं पाणी मिसळणं. हिशोब सोपा आहे. बोअरचा टीडीएस १,२०० आणि आरओचा ३० असेल, तर एक भाग बोअर आणि चार भाग आरओ मिळून साधारण २६४ होतो. खारपाणपट्ट्यातलं बोअर असेल, तर यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची भर म्हणून झिंग्यांसाठी मिळणारं खनिज-मीठ घालावं लागतं. खरं सांगायचं तर एवढी उठाठेव करण्यापेक्षा आरओचंच पाणी घेऊन त्यात क्षार मोजून घालणं सोपं जातं. निदान दर वेळी तेच पाणी तयार होतं. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस सोडून गच्चीवरचं पाणी धरलं, तर तेही आरओसारखंच वापरता येतं.

केएच वाढवायचा असेल, तर घरात खायचा सोडा असतोच. १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोड्याने केएच सुमारे एक डिग्रीने वाढतो. ४० लिटरच्या टाकीला जेमतेम पाव चहाचा चमचा. तोही वेगळ्या पाण्यात विरघळवून, एका दिवसात एका डिग्रीपेक्षा जास्त नाही. सोड्यातून कॅल्शियम मिळत नाही, ती कसर समुद्रफेन भरून काढतं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतं आणि ते म्हणजे माकुळ जातीच्या प्राण्याचं आतलं कवच, जवळपास निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. शिंपल्याचा चुरा फिल्टरमध्ये ठेवला तरी चालतो. यांचा स्वभाव भला आहे. पाणी आम्लाकडे झुकलं की विरघळतात, नाहीतर पडून राहतात.

पानाच्या चुन्याला मात्र हात लावायचा नाही. समुद्रफेन आणि खायचा चुना दोन्ही 'कॅल्शियम'च ना, असं म्हणून तो घालायचा मोह होतो. भिजवलेल्या चुन्याचा पीएच १२ च्या घरात असतो. नखभर चुन्याने छोटी टाकी संपते.

याच कारणाने नव्या सिमेंटच्या हौदातलं पाणीही टाळायला हवं, त्यात चुना सुटत असतो. आणि तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी आजीला कितीही गुणकारी वाटो, झिंग्याला ते विष आहे. तांब्याचा अंशही या जिवांना सोसत नाही. माशांच्या अनेक औषधांत तांबं असतं, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचूनच थेंब टाकावा.

टाकीतले दगडही पीएच हलवतात. नदीतून आणलेल्या खड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकायचे. फसफसला तर चुनखडी, तो हळूहळू पीएच वाढवणार. आपल्याकडचा काळा पाषाण आणि गारगोटी गप्प बसतात. देशी बदामाची वाळलेली पानं पाण्यात टाकतात, त्याने पाणी चहासारखं होतं आणि पीएच किंचित उतरतो, पण केएच कमी असेल तरच. खाऱ्या बोअरच्या पाण्यात पानांची गाठोडी टाकली तरी आकडा हलत नाही. झिंगे ती पानं आवडीने कुरतडतात, तेवढा फायदा.

कूलरची जाळी आठवा

वऱ्हाडात उन्हाळ्यानंतर कूलर उघडला की वाळ्याच्या टट्ट्यांवर पांढरा थर दिसतो. पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. टाकीतही हेच चालू असतं, फक्त दिसत नाही.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जाणं नवं नाही. झिंग्यांना २० ते २८ अंश मानवतात. म्हणून बरेच जण टाकीवर छोटा पंखा लावतात आणि तो चालतोही. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि टाकी दोन-तीन अंशांनी थंड राहते. पण त्या थंडाव्याची किंमत आहे. ४० लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर पाणी उडालं आणि त्या जागी ४०० टीडीएसचं नळाचं पाणी भरत गेलं, तर महिन्याभरात ३० लिटरमधले १२,००० मिलिग्रॅम क्षार टाकीत जास्तीचे जमतात. म्हणजे टीडीएस ३०० ने वाढला. जीएच आणि केएच त्याच्यामागोमाग चढत राहतात. जूनमध्ये झिंगे मरायला लागले की लोक म्हणतात, 'आता तर ऊन उतरलं, मग काय झालं?'

उडालेलं पाणी भरायला आरओचंच घ्यावं. कॅनचं पाणी इथे खरं कामाला येतं. नळाचं मुरवलेलं पाणी बदलण्यासाठी, कॅनचं वर भरण्यासाठी, एवढी एक विभागणी केली तरी उन्हाळा बराच सुसह्य होतो. काचेवर स्केचपेनने पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवली की रोज किती उडालं तेही दिसतं.

तपासायचं काय आणि कसं

स्वस्त पेनासारखे पीएच मीटर मिळतात. ते आठवड्या-पंधरवड्यात भरकटतात, त्यामुळे सोबत येणाऱ्या ४.०० आणि ६.८६ च्या पुड्या फेकून न देता त्यांच्या द्रावणात मीटर जुळवून घ्यावा लागतो. केएचसाठी थेंबांचं किट येतं. ठरावीक पाण्यात एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं, बहुतेक किटमध्ये जितके थेंब तितक्या डिग्री. एकच किट घेण्याइतके पैसे असतील, तर ते केएचचं घ्यावं, पीएचचं नाही. केएच तीन-चारच्या खाली उतरत नसेल, तर पीएच घसरण्याची धास्ती उरत नाही. बोअरच्या पाण्याचा पूर्ण लेखाजोखा हवा असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. अहवालात कॅल्शियम, सोडियम, अल्कलिनिटी वेगवेगळे दिसले की अंदाज बांधत बसावं लागत नाही.

पाणी बदलताना आठवड्याला दहा-पंधरा टक्के पुरे. नळाचं संपलं आणि बोअरवर जावंच लागलं, तर बादली ओतू नये. मेडिकलमधून सलाईनची नळी आणून बादली उंचावर ठेवायची आणि थेंब थेंब पाणी सोडायचं, दोन-तीन तास. पाच लिटर बदलायचे असतील, तर तेही दोन-तीन दिवसांत वाटून. नवे झिंगे आणल्यावरही असंच. दुकानातलं पाणी कुठलं होतं, हे दुकानदाराला विचारलं की तो सहसा सांगतो.

पाणी एकदम बदललं की झिंगे वेळेआधी कात टाकतात. आत नवं कवच तयार नसतं, जुनं नीट फाटत नाही आणि मानेमागे गोल पांढरी रेघ दिसते. त्या अवस्थेतले झिंगे फारसे वाचत नाहीत, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. पाणी बदलल्यावर दोन दिवसांत तीन-चार झिंग्यांवर अशी रेघ दिसली, तर पुढचं पाणी बदलणं थांबवून आधी टीडीएस आणि जीएच मोजावा.

उलट, तळाशी झिंग्याच्याच आकाराचं, पण पारदर्शक आणि पोकळ काहीतरी पडलेलं दिसलं, तर ती नुसती कात असते. मेला समजून ती काढून टाकू नये. एक-दोन दिवसांत बाकीचे झिंगे ती खाऊन टाकतात आणि त्यातलं कॅल्शियम पुन्हा त्यांच्याच अंगी लागतं.